मास्तरच्या हातची पत्रं

मास्तर हा काही खरा मास्तर नव्हता. सातवी पास, एवढंच. पण त्या तळावर मुकादम सोडला तर तीस माणसांत कुणाला स्वतःची सही धड करता येत नव्हती, आणि वासरांत लंगडी गाय शहाणी या न्यायानं पहिल्याच महिन्यात तो मास्तर झाला. त्याचं खरं नाव कुणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

तळ म्हणजे नदीकाठी खांबांवर उभी केलेली एक लांबलचक शेड. वर पत्रे, खाली चिखल. एका टोकाला चूल आणि तिथे सगळ्यांचा भात रांधणारी मावशी, दुसऱ्या टोकाला मुकादमाची कुलूप लागणारी खोली, मध्ये तीस जणांच्या पथाऱ्या. बाकी चहूकडे जंगल. भर दुपारी आत शिरलं तरी दिवेलागण झाल्यासारखं वाटावं, आणि पाऊस थांबून तास उलटला तरी पानांतून पाणी ठिबकत राहावं असं जंगल. त्यात रबराची झाडं विखुरलेली, एक इथे तर दुसरं शंभर पावलांवर. प्रत्येक मजुराला एक वाट नेमून दिलेली होती. उजाडताच निघायचं, सालीला तिरपी चीर द्यायची, खाली पत्र्याची वाटी अडकवायची, पुढचं झाड गाठायचं. वाट गोल फिरून तळावर यायची. मग पुन्हा तीच वाट धरून वाट्यांत साठलेला चीक गोळा करायचा आणि दुपारभर धुराच्या भट्टीपाशी बसून त्याचे गोळे वळायचे. त्या धुरानं नवा माणूस आठवडाभर डोळे पुसत असे.

"रडून घे," जुन्या त्याला म्हणायचा. "धूर आहे तोवर कुणी कारण विचारत नाही."

जुन्या हा तिथला सर्वांत जुना गडी. किती वर्षं झाली ते त्यालाही सांगता येत नसे. जंगलातली पायवाट त्याला घरच्या अंगणासारखी ठाऊक होती, आणि तोंड मात्र असं की मावशीनं भात वाढताना त्याला रोज एकदा शिवी हासडावीच.

पत्रं लिहायचं काम मास्तरकडे आलं ते असं. लाँच पंधरा दिवसांनी यायची आणि टपाल घेऊन जायची. पण टपाल आधी मुकादमाच्या हाताखालून जायचं. पहिल्याच वर्षी तापानं दोन माणसं गेली. शेडमागे त्यांना पुरलं. जुन्यानं मास्तरला बसवून त्या दोघांच्या घरी तसं कळवायला लावलं. मुकादमानं ती दोन्ही पत्रं वाचली आणि सगळ्यांच्या देखत मावशीच्या चुलीत घातली. ओरडला नाही. "घरच्यांना उगाच घोर लावू नये," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून खरं लिहायची सोय उरली नाही. ठीक आहे, बरा आहे, काळजी नसावी, इतकंच लिहून भागलं असतं. पण मास्तरला हात आवरेना. तो लिहायचा, इथे ऊन कधी माणसाच्या डोक्यावर येत नाही, झाडंच छत्री धरून उभी असतात. तो लिहायचा, गाईला चारा लागतो, दावं लागतं. आमची झाडं नुसती बोटानं विचारलं तरी दूध देतात. घरून उत्तरं यायची ती वाचून दाखवायचंही त्याच्याकडेच होतं. कुणाची बायको कळवायची की पत्र अख्ख्या आळीनं ऐकलं. कुणाची आई म्हणायची, आता मरायला मोकळी झाले. मजूर खाली मान घालून ऐकायचे आणि वर म्हणायचे, "मास्तर, पुढच्या खेपेला नदीचं लिही. नदीचं राहिलं."

खोटं लिहिणं सक्तीचं होतं. ते गोड करणं मात्र मास्तरनं आपल्या हौसेनं केलं होतं. ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली ती चौथ्या वर्षी, एका दुपारी, जेव्हा लाँचमधून त्याचे भाऊजी उतरले.

भाऊजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिंपी माणूस. सगळं आयुष्य एका दुकानाच्या फळीवर मांडी घालून गेलेलं, त्यामुळे चालताना जरा पुढे वाकायचे. जाड भिंगांचा चष्मा, त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. एका खांद्यावर वळकटी, आणि दोन्ही हातांत, पोटाशी धरलेलं, हातानं फिरवायचं शिलाई मशीन.

"भाऊजी?" मास्तर धावत काठाशी गेला.

"अरे, तूच लिहिलं होतंस ना," भाऊजी हसत म्हणाले, "तीस माणसं आहेत आणि औषधाला एक शिंपी नाही! तिकडे तर तयार कपड्यांनी माझा धंदा बसवला. तुझी ताई म्हणाली, जा, भाऊ आहे तिथे."

ते वाक्य मास्तरनं गंमत म्हणून लिहिलं होतं. लिहिताना स्वतःशीच हसलाही होता.

भाऊजींनी शेड पाहिली. माणसांच्या पोटऱ्यांवरच्या जळवांच्या खुणा पाहिल्या, धुरानं सुजलेले डोळे पाहिले. त्यांचं हसू हळूहळू विरलं, पण त्यांनी ते पुरतं जाऊ दिलं नाही. मशीन मावशीच्या चुलीजवळ कोरड्या जागी ठेवलं, वर आपला टॉवेल झाकला आणि म्हणाले, "तुझी ताई म्हणते, माझा भाऊ लिहितो तेव्हा डोळ्यांसमोर उभं राहतं. आता मला खरंच उभं राहायला जागा दाखव."

परत जायचा प्रश्नच नव्हता. बंदरावर त्यांनी दोन वर्षांच्या कराराच्या कागदावर अंगठा दिलेला. आणि मुकादमाच्या सही-शिक्क्याची चिठ्ठी असल्याशिवाय लाँचवाला कुणाला पाय ठेवू देत नसे.

एकदा भट्टीपाशी दोघेच होते तेव्हा मास्तरनं विषय काढला. "भाऊजी, मला शिव्या तरी द्या."

"कशाला?"

"मी लिहिलं म्हणून तुम्ही आलात."

"तू लिहिलंस ते छानच होतं. खरं मानणारा मी."

"छान म्हणू नका हो."

भाऊजींनी धुरातून त्याच्याकडे पाहिलं. "बरं, नाही म्हणत," ते म्हणाले, आणि पुन्हा गोळा फिरवायला लागले. मास्तरला वाटलं, या माणसानं एक थोबाडीत दिली असती तर रात्री डोळा तरी लागला असता.

भाऊजींना जी वाट मिळाली ती तशी सोपी होती, पण त्यांना दहा हातांपलीकडचं दिसत नसे. सुईत दोरा ओवण्यासाठी घडलेले ते डोळे. ते झाडं मोजत चालायचे आणि प्रत्येक झाडाला हात लावायचे, जणू मापं घेताहेत. संध्याकाळी जेवायच्या आधी मशीन काढून कुणाचा शर्ट, कुणाची पँट शिवून द्यायचे. बदल्यात काही घ्यायचे नाहीत. जुन्यासारख्या काटेरी माणसानंही एकदा आपलं फाटकं धोतर पुढे करून विचारलं, "याचं काही होईल का, की त्यालाही शेडमागे पुरू?"

चार महिने असे गेले. मग तो वादळी पाऊस झाला. रात्रभर जंगलात झाडं कोसळल्याचे आवाज येत होते. सकाळी पाऊस ओसरला आणि माणसं नेहमीसारखी आपापल्या वाटेला लागली. दुपारी बाकीचे सगळे परत आले. भाऊजी आले नाहीत.

मास्तर मुकादमाकडे धावला. मुकादम हडकुळा, पोटाचा दुखणाईत माणूस. सतत कोमट पाणी पीत असायचा.

"पळाला असेल," तो म्हणाला.

"कुठे पळणार, साहेब? त्यांना समोरचा माणूस ओळखायला त्याच्याजवळ जावं लागतं!"

"मग येईल परत." मुकादमानं भांड्यातलं पाणी संपवलं. "उद्या एक दिवस शोध. पण तुझी वाट पडून राहता कामा नये, कुणाला तरी सांगून जा."

जुन्या न विचारताच बरोबर निघाला. मावशीनं फडक्यात भात बांधून दिला आणि मीठ वेगळं, जळवांसाठी.

भाऊजींच्या वाटेवर अर्ध्या अंतरावर एक प्रचंड झाड आडवं पडलं होतं. मुळांसकट. त्याच्याबरोबर आणखी चार-पाच झाडं ओढली गेली होती, वेलींच्या जाळ्यासकट. पलीकडची वाट दिसतच नव्हती. जुन्या उकिडवा बसून बघत राहिला.

"वळसा घालायला गेला," तो म्हणाला. "नवा माणूस वळसाच घालतो. पलीकडे गेल्यावर वाट सापडेल असं त्याला वाटतं."

त्या दिवशी हाका मारून मारून मास्तरचा आवाज बसला. जंगलात हाक चार झाडांपलीकडे जात नाही, ओली पानं ती गिळून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्याला फांदीवर कापडाची एक पट्टी दिसली. चौकड्यांचं कापड, भाऊजींच्या शर्टाचं. छातीइतक्या उंचीवर नीट गाठ मारून बांधलेली. पट्टीचे काठ सरळ होते. हरवलेला माणूसही शर्ट फाडताना उभ्या धाग्यानं फाडत होता.

"शाबास रे शिंप्या," जुन्या पुटपुटला.

मग दुसरी पट्टी, तिसरी, पाचवी. मास्तर जवळजवळ पळत सुटला. आठव्या पट्टीपाशी तो थबकला. त्या फांदीवर दोन पट्ट्या होत्या, शेजारी शेजारी. त्याला आधी कळेना. मग कळलं. भाऊजींनी सुरुवात याच फांदीपासून केली होती, हे दोघं मधल्याच एका पट्टीपासून निघाले होते. भाऊजी गोल फिरून पुन्हा इथेच आले होते, आणि आपलीच पट्टी न दिसल्यामुळे तिच्या शेजारी त्यांनी दुसरी बांधली होती.

"चष्मा गेला त्याचा," जुन्या म्हणाला.

तिथून पट्ट्या वेगळ्याच दिशेला गेल्या. चौकड्यांचं कापड संपलं आणि बनियनच्या पांढऱ्या चिंध्या सुरू झाल्या. त्या आता लहान होत्या, गाठी सैल होत्या. मग त्याही संपल्या. मुकादमानं दिलेला एक दिवस कधीच संपला होता. भातही संपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका ओढ्याच्या काठी आवाज आला. "कोण आहे? माणूस आहे का?"

भाऊजी एका झाडाच्या भिंतीसारख्या उभ्या मुळांच्या बेचक्यात बसले होते. उघडे. अंगभर जळवांनी काढलेलं रक्त वाळलेलं. डावा पाय पुढे ठेवलेला, तो त्यांचा वाटतच नव्हता. काटा शिरून घोट्यापासून मडक्यासारखा सुजला होता आणि मध्ये काळा पडत चालला होता.

"भाऊजी, मी आहे. मी."

भाऊजींनी हात पुढे करून त्याचा चेहरा चाचपला, नाक, हनुवटी. ताप एवढा होता की तळवे भाजत होते. "मास्तर," ते म्हणाले. तेही त्याला मास्तरच म्हणायला लागले होते. "तू लिहिलंस त्यातलं एक खरं निघालं रे. ऊन एकदाही डोक्यावर आलं नाही."

ते चिडून बोलले नव्हते, गंमत करत होते. मास्तरनं त्यांना पाठीवर घेतलं आणि जुन्यानं वेलीनं त्यांना त्याच्या पाठीशी बांधून गाठ मारली.

जुन्या सरळ रेषेत निघाला. आळीपाळीनं वाहत त्यांनी भाऊजींना तळावर आणलं, तेव्हा सूर्य अजून माथ्यावर यायचा होता. तीन दिवस ज्या माणसाला शोधलं तो तळापासून जेमतेम दोन तासांवर बसला होता.

मावशीनं पाय पाहिला, गरम पाण्यानं धुतला आणि मास्तरला बाजूला घेतलं. "लेकरा, हे पाल्यानं बरं व्हायचं नाही. गुडघ्यावर चढलं की हातचं गेलं. याला खाली बंदरावर पाठव, दवाखान्यात. उद्या लाँच आहे ना?"

मुकादमानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आजारी माणूस खाली गेला की खालचे प्रश्न विचारतात," तो म्हणाला.

"साहेब, मरेल तो. माझ्या बहिणीचा नवरा आहे."

"माहीत आहे. तुझी पत्रं मीच वाचतो की." मुकादम थोडा हसला. "खरं सांगू? चार वर्षं वाचतोय. कधी कधी वाचता वाचता मलाच वाटतं, बरी जागा आहे ही." त्यानं खणातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "मला वरून सारखी विचारणा असते, माणसं कुठे आहेत? तीसवर भागत नाही. गेल्या सहा महिन्यांत एकच नवा माणूस आपल्या पायानं आला, तोसुद्धा तुझ्या पत्रानं. बारा पत्रं लिही. ज्यांच्या घरी तरणी माणसं आहेत त्यांच्या घरी. दोन तुझ्या गावात. उद्या लाँच यायच्या आत बारा माझ्या हातात दे, मी चिठ्ठी तुझ्या हातात देतो."

मास्तर कागदांकडे बघत राहिला. "मी कसं लिहू हे?"

"जसं लिहितोस तसं," मुकादम म्हणाला.

मास्तर चुलीपाशी पाट घेऊन बसला. शेजारी भाऊजी पडले होते, तापात शिलाईची मापं बडबडत. मास्तरला सगळ्यांची घरं ठाऊक होती. कुणाचा धाकटा भाऊ रिकामा बसून आहे, कुणाचा मेहुणा कामाच्या शोधात आहे, कुणाच्या मुलाला मिसरूड फुटलंय. त्यानंच तर ती उत्तरं वाचून दाखवली होती. पहिलं पत्र त्यानं कोरडं लिहिलं, चार ओळींचं, ग्रामपंचायतीच्या नोटिशीसारखं. मुकादमानं ते परत पाठवलं. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "हे तुझं नाही."

दुपारी माणसं वाटांवरून परतली तेव्हा बातमी पसरली. कुणी ओरडलं नाही, आणि तेच अवघड गेलं. एक जण येऊन म्हणाला, "मास्तर, माझ्या पोराला सोड. पाया पडतो." आणि एक गडी, ज्याच्या घरी धाकटा भाऊ होता, तो जवळ बसून हळूच म्हणाला, "माझ्या घरी लिही. तो आला तर निदान बोलायला कुणी होईल मला." असं म्हणून तो स्वतःच ओशाळला आणि तोंड धुवायला नदीवर निघून गेला.

शेवटी जुन्या आला. "माझा पुतण्या आहे घरी. वीस वर्षांचा."

"त्याला नाही लिहीत. तुमची शपथ."

"मग बारावं कुणाच्या घरी?"

जुन्या झोपलेल्या भाऊजींकडे बघत होता, ज्यांना त्यानं सकाळी पाठीवर वाहून आणलं होतं. "माणूस वाचवावा लागतो, ते मलाही कळतं," तो म्हणाला. "पण तू लिहिताना मला इथे बसवणार नाही." तो उठून शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला, आणि पुढे कित्येक महिने मास्तरशी एक शब्द बोलला नाही.

मास्तरनं लिहिलं. नदीचं लिहिलं, सावलीचं लिहिलं, मावशीच्या हातच्या वाफाळत्या भाताचं लिहिलं. सांगायला लाज वाटते, पण चौथ्या-पाचव्या पत्रापाशी त्याचा हात पुन्हा वळू लागला. एक चांगलं वाक्य सुचलं आणि छातीत ती जुनी ऊब आली. तो उठून शेडबाहेर गेला, तोंड धुतलं आणि परत येऊन ते वाक्य पुरं केलं. अंधार पडेतो आठ झाली. उजाडल्यावर उरलेली लिहायला बसला. मुलाच्या बापाला सोडलं, आणखी दोघांना सोडलं. अकरा झाल्यावर एकही घर उरलं नाही ज्याचा माणूस शेडमध्ये बसून त्याच्याकडे बघत नव्हता.

मग त्याला शेडमागचे ते दोघे आठवले, पहिल्या वर्षी तापानं गेलेले. त्यांतल्या एकाला धाकटा भाऊ होता. त्यांच्या घरी कधीच काही कळलं नव्हतं. बारावं पत्र मास्तरनं त्या भावाला लिहिलं, मेलेल्या माणसाच्या नावानं. नको म्हणायला तो एकटाच येऊ शकत नव्हता.

मुकादमानं बाराही वाचली, मान हलवली आणि चिठ्ठीवर शिक्का मारला. पत्रं त्यानं स्वतः नेऊन लाँचवाल्याच्या पायाशी असलेल्या टपालाच्या पेटीत टाकली आणि पेटीला कुलूप लावलं.

भाऊजींना फळकुटावर घालून लाँचमध्ये ठेवलं. मास्तर त्यांच्या कानाशी वाकला. "भाऊजी, नीट ऐका. गावात माझी दोन पत्रं येतील. ती चुलीत घाला. ताईला सांगा, घरोघर जाऊन सांगा, इथे कुणी येऊ नका म्हणावं."

"घरोघर," भाऊजी म्हणाले. त्यांचे डोळे कुठेच लागत नव्हते.

"आणि बाकीची गावं. तीही लक्षात ठेवा." त्यानं दहा गावांची नावं एकेक करून सांगितली. भाऊजींनी तीन म्हटली, मग पहिल्यात आणि दुसऱ्यात गल्लत केली, मग म्हणाले, "बाह्या आखूड ठेवू का?"

"भाऊजी, पुन्हा म्हणा. पहिलं कुठलं?"

लाँचवाल्यानं दोर सोडला. मास्तर गुडघाभर पाण्यात उतरून गावांची नावं ओरडत राहिला, इंजिनाच्या आवाजात ती लाँचपर्यंत पोचत नव्हती. मागे काठावर माणसं उभी होती आणि आपापल्या गावाचं नाव ऐकत होती.

पुढची लाँच आली, रिकामी. त्यापुढची आली. भाऊजींची काही खबर नव्हती. टपालात ताईचं पत्र नव्हतं, आणि असतं तरी मुकादमानं दिलंच असतं असं नाही. मास्तरनं पेन हातात धरणं सोडलं. लोकांनीही लिही म्हणणं सोडलं. त्याला ताप येऊन गेला, बारीक झाला. संध्याकाळी मावशी त्याला बळेच भात भरवायची. "खा रे. मेलास तर तुझ्या घरी कोण कळवणार?" म्हणायची, आणि आपणच जीभ चावायची.

पाचव्या महिन्यात लाँचमधून नऊ माणसं उतरली.

मास्तर भट्टी टाकून धक्क्यावर गेला. एकेकाला गाव विचारू लागला. एक गाव, दुसरं, चौथं. ज्यानं 'माझ्या घरी लिही' म्हटलं होतं त्या गड्याचा भाऊ आला होता, दोघं गळ्यात पडून रडले आणि मोठा त्याला रडता रडता शिव्या देऊ लागला, "कशाला आलास रे, कशाला आलास!" मास्तरनं नऊही जणांना विचारलं. त्याच्या गावचं कुणीच नव्हतं. दोन पत्रं गेली होती, आणि एकही माणूस आला नव्हता.

म्हणजे भाऊजी पोचले होते. एका पायानं असतील, कसेही असतील, पण बोलत होते. घरोघर गेले होते. मास्तरला आनंदानं तिथेच खाली बसावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी त्याला समोर ते नऊ जण दिसत होते, हातात ट्रंका घेतलेले, मान वर करून झाडांकडे बघणारे.

त्यांतला एक पुढे आला. पंचविशीचा, रुंद खांद्यांचा. "मास्तर तुम्हीच का? माझ्या दादाचं पत्र तुम्हीच लिहून दिलं असेल. दादा कुठे आहे माझा? कामावर आहे?"

आजूबाजूची माणसं हळूहळू बाजूला सरली. मास्तरनं त्याची ट्रंक उचलली, शेडमध्ये ठेवली आणि त्याला शेडमागे घेऊन गेला. तिथे दोन उंचवटे होते, त्यांवर रान माजलेलं. "डावीकडचा," मास्तर म्हणाला. "चार वर्षं झाली. पत्र मी लिहिलं. त्यानं नाही सांगितलं. मी माझ्या मनानं लिहिलं."

त्या माणसाला समजायला वेळ लागला. मग त्यानं मास्तरला मारलं. तोंडावर, छातीत, खाली पडल्यावर लाथेनं. मास्तरनं हात वर केला नाही. माणसं धावली, पण त्याला धरलं जुन्यानं, मागून मिठी मारून. आणि धरता धरता एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा जुन्या बोलला. "बस कर, पोरा. तो मेला तर तुला जंगल कोण दाखवील?"

नव्या माणसांना वाटा वाटून दिल्या तेव्हा त्या भावाच्या वाट्याला भाऊजींची वाट आली. नव्या माणसाबरोबर पहिले आठ दिवस कुणीतरी जुनं जायचं असतं. मास्तरनं स्वतःहून मुकादमाकडून ते काम मागून घेतलं. सकाळी दोघं निघाले. मास्तरचा ओठ सुजलेला, बोलणं जड. तो चीर कशी द्यायची ते दाखवत होता. दुसरा एक शब्द न बोलता बघत होता आणि तशीच देत होता.

वाटेवर ते आडवं झाड अजून पडलेलं होतं. त्याच्यावर शेवाळ चढलं होतं, आता वरून चढून जायला पायऱ्या तासलेल्या होत्या. मास्तर तिथे थांबला.

"झाड आडवं पडलं तर वळसा घालायचा नाही," तो म्हणाला. "कितीही जवळ वाटलं तरी. तिथेच बसायचं आणि वाटीवर चाकू वाजवत राहायचं. हाक पोचत नाही, पत्र्याचा आवाज पोचतो. मी येईन."

तो माणूस पहिल्यांदा त्याच्याशी बोलला. "आणि तुम्ही नाही आलात तर?"

मास्तरनं पायरीवर पाय दिला, झाडावर चढला आणि हात देण्यासाठी खाली वाकला. त्या माणसानं हात घेतला नाही. तो स्वतःच चढला, आणि दोघं पलीकडे उतरले.